व्हीलचेअरवरचा पोरगा, पाय कापलेला पोरगा आणि सीपी असलेली पोरगी, जिममध्ये मेहनत कशी घ्यायची?

लाल_माती (कसबा बावडा)

नमस्कार मंडळी. बावड्याकडं माझी छोटी जिम आहे, पत्र्याचं शेड, दोन पंखे, लोखंड भरपूर. मी मूळचा तालमीतला, आमच्या वस्तादांनी शिकवलेलं एवढंच की अंग घामानं निथळलं पाहिजे आणि शेवटचा जोर मारताना हात थरथरले पाहिजेत, त्याशिवाय मेहनत झाली म्हणायची नाही. जिमसुद्धा मी त्याच हिशोबानं चालवतो. आता झालंय असं की पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये २९ मेडलं आली, त्यात आपल्या आटपाडीकडचा सचिन खिलारी गोळाफेकीत सिल्व्हर घेऊन आला, तेव्हापासनं घरोघरची मंडळी विचारायला यायला लागलीत की आमचं पण पोरगं घ्या म्हणून.

सध्या तिघं आहेत. एक बावीस वर्षांचा, गाडीवरनं पडून मणक्याला मार, डॉक्टरांच्या कागदावर डी ४ लिहिलंय (छातीमागचा चौथा मणका), छातीच्या खाली काही कळत नाही, व्हीलचेअर, हात मात्र दणकट, त्याला पॉवरलिफ्टिंग करायचंय. दुसरा उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेला, उजवा पाय गुडघ्याखाली नाही, नकली पाय लावून चालतो, त्याला गोळा टाकायचाय. तिसरी सोळा वर्षांची मुलगी, सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी आहे, दोन्ही पाय कडक, टाचा टेकत नाहीत, डोकं एकदम हुशार.

परवा व्हीलचेअरवाल्याला बेंचवर घेतला, नुसता दांडा, वजन काहीच नाही. चारपाच मारल्यावर तोंड लालबुंद झालं, कपाळावर घामाचे थेंब, डोकं ठणकतंय म्हणाला, आणि पोटाला हात लावला तर गार आणि कोरडं. मला वाटलं दम लागला. त्याची आई पळत आली, त्याला उठवून बसवलं आणि पायाला बांधलेली लघवीची पिशवी बघितली तर नळी पट्ट्याखाली दबलेली, ती सरळ केली तसं जरा वेळात सगळं उतरलं. आई म्हणाली याला असं होतं कधीकधी. मी मात्र पार गार पडलो. नाही म्हणून हाकलायचं नाही मला कुणाला, पण अंदाजानं घ्यायला भीती वाटती. जाणकारांनी सांगा.

फिजिओ_ताई

दादा, आधी परवाचं बोलू, कारण ते सोडून बाकी सगळं दोन दिवस थांबलं तरी चालेल. त्या प्रकाराला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. मणक्याची इजा डी ६ च्या आसपास किंवा त्याच्या वर असेल तर होऊ शकतं, याची डी ४ म्हणजे हा त्यातलाच. खाली काहीतरी तुंबलंय, टोचतंय, आवळलंय, त्याची खबर मेंदूपर्यंत जात नाही पण मणक्यातल्या मणक्यात शरीर उसळी मारतं, खालच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी चढतो. मेंदू वरनं आवरायला बघतो पण त्याचा निरोप इजेच्या खाली उतरत नाही. म्हणून वर लाल तोंड, घाम, डोकेदुखी, अंगावर काटा, आणि नाडी बऱ्याचदा उलट मंद. बहुतेक वेळा कारण लघवीचंच असतं, मग पोट साफ नसणं, मग घट्ट पट्टा, बूट, नख रुतलेलं, जखम.

असं झालं की झोपवायचं नाही, आडवा असेल तर बसवायचं, पाय खाली सोडायचे, पट्टे बूट कमरेचा बेल्ट सगळं सैल, नळी पिशवी तपासायची, आणि दर दोनतीन मिनिटांनी बीपी घ्यायचा. त्या आईनं जे केलं ते पुस्तकात लिहितात तेच आहे. जिममध्ये बीपीचं मशीन ठेवा आणि त्याचा रोजचा बीपी वहीत लिहून ठेवा. या मुलांचा नेहमीचा वरचा आकडा ९० ते ११० च्या घरात असतो, तो १४० झाला की बाहेरचा माणूस म्हणतो ठीक आहे की, पण याच्यासाठी नेहमीपेक्षा वीस-चाळीसनं वाढला म्हणजेच धोका. कारण सापडत नाही किंवा उतरत नाही तर सरळ दवाखाना, आणि तिथं हा शब्द तोंडानं सांगायचा, कारण सगळ्यांच्या डोक्यात तो पटकन येईलच असं नाही. दुर्लक्ष केलं तर मेंदूत रक्तस्राव होण्यापर्यंत जाऊ शकतं. काही खेळाडू मुद्दाम हे अंगात आणायचे, बीपी चढला की ताकद लागते म्हणून, त्याला बूस्टिंग म्हणतात आणि पॅरालिम्पिक कमिटीनं त्यावर बंदी घातलेली आहे. कुणी हुशार सल्ला दिला तर कानामागं टाका.

आता तुमच्या घामाचं. या मुलाला इजेच्या खाली घाम येत नाही म्हणजे शरीर गार करायची सोयच निम्मी गेलेली. एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली दुपारी घेऊ नका. पाणी मारायची स्प्रेची बाटली घ्या, कुंडीला मारतो तीच, तोंडावर हातावर मानेवर मारत राहा आणि पंखा समोर लावा, घामाचं काम ते पाणी करतं. नाडी मोजून पण फार कळणार नाही, हृदयाला वेग द्यायच्या नसा मणक्याच्या त्याच भागातनं निघतात, त्यामुळं जीव तोडून केलं तरी ठोके तुमच्याइतके चढतीलच असं नाही. त्यालाच विचारा, दहापैकी किती जड गेलं. सहा-सात म्हणाला की बास. म्हणजे घाम आणि ठोके, ही दोन्ही मापं इथं चालत नाहीत, तोंडानं विचारणं हेच माप.

खांद्याचं वेगळं लिहिते, जेवून येते.

पैलवान_गंगावेस

एवढं ऐकून तर कोण बी घाबरंल. आमचं म्हणणं हिंमत पाहिजे राव, पॅरालिम्पिकचं गोल्ड आणणाऱ्या मुरलीकांत पेटकर साहेबांनी कुठं फिजिओ शोधला होता. उगं पोरांना आजारी असल्यागत वागवू नका, नायतर सरळ योगासनं द्या, वजनं कशाला.

चाकावरची

पैलवान दादा, पेटकर साहेब १९६५ च्या लढाईत गोळ्या खाऊन पडल्यावर पोहायला लागले ते उपचाराचा भाग म्हणूनच, आणि मग १९७२ ला हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदात मारून गोल्ड आणलं. म्हणजे फिजिओ होताच, नुसता पाण्यात होता. आणि योगासनं द्या हे आम्ही लय ऐकलंय, डब्ल्यूएचओनं २०२० ला जे काढलंय त्यात दिव्यांगांना पण आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा असं सरळ लिहिलंय. वजनं आमच्यासाठी पण आहेत.

मी बसून थाळी टाकते, व्हीलचेअरवर आहे, पण इजा खाली आहे, त्या मुलापेक्षा बरीच खाली. लाल_माती दादा, ताईंनी सांगितलं त्यात माझी भर. पहिलं पाणी. आम्ही लोकं पाणी पीतच नाही हो, कारण ग्राऊंडवर संडासाला दोन पायऱ्या असतात नायतर दार एवढं बारीक की खुर्ची आत जात नाही. मग सकाळपासनं घोट घोट पिऊन काढायचं, आणि मग लघवीचं इन्फेक्शन, ताप, खडे, आठवडाभर ट्रेनिंग बंद. तुम्ही प्रोटीन पावडरीचं नंतर बघा, आधी तुमच्या संडासात खुर्ची जाते का ते टेपनं मोजा. तो मुलगा तुमच्याकडं पाणी मागत नसंल तर तहान नाही म्हणून नव्हे.

दुसरं, चामडी. मागच्या खिशात किल्ली, नाणं, जीन्सची जाड शिवण, याच्यावर तासभर बसलं तर आम्हाला कळत नाही पण खाली लाल डाग पडतो आणि दाबूनही पांढरा होत नसंल तर ती बेडसोरची सुरुवात. एकदा फुटला की महिनेच्या महिने पालथं झोपायचं. म्हणून ढिली ट्रॅक पँट, खिसे रिकामे, बेंचवर चांगला फोम, आणि बसल्या जागी दर पंधरावीस मिनिटांनी हातावर अंग उचलायचं नायतर एका बाजूला कलायचं, घरी गेल्यावर आरशात बघायचं. हे त्याला माहीत असणार, पण जिमच्या नादात पोरं विसरतात.

तिसरं, खुर्चीवरनं बेंचवर घेताना. ब्रेक लावलेत का बघा, आणि त्याला विचारल्याशिवाय काखेत हात घालून उचलू नका, लय जण तसं करतात, खांदा निखळतो आमचा. पाय कुठं अडकतोय ते एकानं बघायचं.

फिजिओ_ताई

पायाचं ताईंनी बरोबर सांगितलं. न वापरल्यानं इजेच्या खालची हाडं ठिसूळ होतात, बेंचवरनं पाय नुसता घसरून आपटला तरी मोडू शकतो, आणि त्याला दुखणार नाही. गुडघा सुजला, गरम लागला, किंवा पाय एकदम जास्त उडायला लागला तर एक्सरे काढायचा, मुका मार म्हणून सोडायचं नाही.

खांदा. त्याच्या खांद्यावर दिवसभर खुर्ची ढकलायचं काम, खाटेवरनं खुर्चीवर, खुर्चीवरनं गाडीवर, वर तुमचा बेंच प्रेस. सगळं ढकलणंच. पुढचे स्नायू आखडतात, मागचे ढिले, खांदा पुढं येतो आणि वर चिमटायला लागतो. आपला खांदा दुखला तर महिनाभर जिम बंद ठेवतो आपण, त्याचा गेला तर त्याला संडासला जाता येत नाही. त्यामुळं ढकलायचा एक व्यायाम असंल तर ओढायचे दोन ठेवा, रोइंग, फेस पुल, रबर बँडनं कोपर अंगाला लावून हात बाहेर फिरवणं, पाठीची पाती जवळ आणणं. छातीचं रोज रोज नको. आणि त्याच्या घराकडं चढ असंल, शहरात आज तीन कामं करून आला असंल, तर तो पण सेटच धरायचा.

एकदम बसल्यावर चक्कर येते ती उलटी भानगड, बीपी पडतो. पोटाला बेल्ट, पाय वर, हळूहळू उठवणं, एवढ्यात भागतं. नुसत्या तब्येतीसाठी म्हणाल तर मणक्याच्या लोकांसाठी आठवड्यातनं दोनदा वीस वीस मिनिटं दम लागेल असं काहीतरी आणि दोनदा ताकदीचं, प्रत्येक मोठ्या स्नायूचे तीन सेट, एवढ्यापासनं फरक पडतो. तो स्पर्धेला जाणार म्हणजे पुढं वाढणारच, पण सुरुवात इथनं करा.

एक_पाय_पुढं (गोकुळ शिरगाव)

मी गुडघ्याखाली कापलेला, डावा. तुमच्या दुसऱ्या पोराचं मी सांगतो. स्टंपची, म्हणजे कापल्यावर उरलेल्या पायाची चामडी म्हणजे आमचं सगळं दुकान, ती फाटली की दुकान बंद. स्टंपवर सिलिकॉनचा मोज्यासारखा लायनर घातला की आत घाम साठतो, वीस मिनिटांनी पाय आत घसरायला लागतो, मग घासतो, मग फोड. त्याला सांगा मध्येच पाय काढायचा, टॉवेलनं कोरडा करायचा, लायनर पुसायचा आणि परत घालायचा, चारचौघात काढायला लाजतात पोरं सुरुवातीला, तुम्ही स्वतःच म्हणा काढ म्हणून. पाय काढल्यावर दिसणारी लाली जरा वेळात गेली पाहिजे, तशीच राहिली आणि एकाच जागी असंल तर त्या दिवशी नकली पायावर उभं राहायचं काम बंद, बसून खांदे पाठ करायची. दिवसभरात स्टंप बारीक होतो, सकाळी घट्ट असणारा सॉकेट (नकली पायाची वाटी, ज्यात स्टंप बसतो) संध्याकाळी ढिला, त्याला मोजे चढवायचे असतात वरनं. आणि रोजचा पाय घालून उड्या मारू नका, तो चालायसाठी असतो.

व्यायामाचं म्हणाल तर चांगल्या पायानं सगळं ओढायची सवय लागते. बैठका मारताना वजन सगळं चांगल्या बाजूला, मग कंबर धरते. मला कंबरेनंच लय त्रास दिला, पायानं नाही. ढुंगणाचे स्नायू, कापलेल्या बाजूची मांडी, पोट, यावर जोर द्या, आणि पोरगा दिवसभर खुर्चीत बसणारा असंल तर रोज थोडा वेळ पालथं झोपवा, नायतर कंबरेपाशी आणि गुडघ्यापाशी पाय वाकलेला राहतो आणि मग सॉकेट नीट बसत नाही. एक लक्षात घ्या, नकली पायावर चालायलाच आम्हाला जास्त दम खर्च होतो, तो बसस्टॉपवरनं चालत आला म्हणजे वॉर्मअप झालेलाच आहे.

काका_रंकाळा

आम्ही पोलिओवाले. आपल्या देशातली शेवटची केस २०११ ची, त्यामुळं तुमच्याकडं आता पोरं येणार नाहीत आमच्यातली, पण चाळिशीपन्नाशीचे येतील तब्येत करायला, म्हणून लिहितो. आमच्यात तुमचा तालमीचा नियम एकदम उलटा. जो स्नायू पोलिओनं निम्मा नेलाय त्याला थरथरेपर्यंत घेतला की तो वाढत नाही, अजून जातो. बऱ्याच वर्षांनी परत अशक्तपणा येतो त्याला पोस्ट पोलिओ म्हणतात, डॉक्टर सांगतात. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून अंग जड असंल तर काल जास्त झालं. मी रंकाळ्याला सकाळी बसून बसून फेरी मारतो, लोक म्हणतात काका दमला का, म्हणलं दमायच्या आधी बसतोय.

आणि आपल्या कोल्हापूरचा स्वरूप उन्हाळकर, पोलिओच, टोकियोला १० मीटर एअर रायफलमध्ये चौथा आला, मेडल थोडक्यात हुकलं. नेमबाज स्वप्नील कुसाळेच्या पॅरिसच्या ब्राँझचा जल्लोष केला आपण तो केलाच पाहिजे, पण याचं नाव किती जणांना माहितीय विचारा जरा शहरात.

लेकीची_आई

सीपीचं मी सांगते, माझी पण आहे. थंडीत सकाळी सहाला बोलावू नका हो. गारठ्यानं पाय अजून कडक होतात, कोमट पाण्यानं अंघोळ करून जरा उन्हं आल्यावर न्यायची. वॉर्मअप लांबलचक पाहिजे, सावकाश, झटका देऊन ताणलं की स्नायू उलटा आवळतो. एका वेळी एकच गोष्ट सांगा, घाई केली ओरडलं की हातपाय अजून ताठ होतात, माझीला तर मागनं कुणी टाळी वाजवली तरी अंग दचकतं. पडायची सवय असते त्यांना, बाजूला गादी टाकून ठेवा आणि प्रत्येक वेळी धावू नका उचलायला.

फिजिओ_ताई

बरोबर. फक्त एक भर, वजनं उचलल्यानं कडकपणा वाढतो असं अजून लोक म्हणतात, काही डॉक्टर पण म्हणायचे पूर्वी, ते खरं निघालेलं नाही. नीट घेतलं तर ताकद वाढते आणि कडकपणा आहे तेवढाच राहतो. लेग प्रेस, बसून उठणं, पायरी चढणं, हे द्या, पण प्रत्येक वेळा सांधा जेवढा मोकळा हलतो तेवढ्यातच. लवकर दमतात ही मुलं, दमल्यावर पाय ओढायला लागली की तिथंच थांबायचं.

लाल_माती

एवढं सगळं वाचून डोक्याचा भुगा झाला पण भीती गेली. बीपीचं मशीन आणि स्प्रेची बाटली आज संध्याकाळीच आणतो. व्हीलचेअरवाला विचारतोय की त्याच्याकडं ८० टक्क्यांचं कार्ड आहे, म्हणजे स्पर्धेत डायरेक्ट घेतील का? आणि बेंच वेगळा लागतो म्हणतात, उद्यमनगरात करून घेऊ का?

चाकावरची

कार्ड वेगळं आणि क्लास, म्हणजे खेळातला गट, वेगळा. यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ते कार्ड सरकारी सवलतीसाठी, ४० टक्क्यांची अट तिथली. खेळात टक्के कुणी विचारत नाही, क्लासिफायर स्वतः हात लावून बघतात, त्या खेळाला लागणारं काय शिल्लक आहे ते. पॉवरलिफ्टिंगमध्ये तर क्लासच नाहीत, पायाचं अपंगत्व ठरलेल्या मापाचं पाहिजे आणि मग सरळ वजनी गट. तिथं फक्त बेंच प्रेस, पाय बेंचवरच लांब, दांडा छातीवर थांबवायचा आणि दोन्ही हात एकदम सरळ लॉक. कोपर पूर्ण सरळ होत नसंल तर आत्ताच बघून घ्या. त्यानं पुढं गोळा थाळी टाकायची ठरवली तर डी ४ वाला बहुतेक एफ ५४ (बसून फेकणाऱ्यांचा एक क्लास) च्या आसपास जाईल, पण ते पॅनेल ठरवणार.

बेंच उद्यमनगरात आरामात होईल. लांबी २.१ मीटर, रुंदी ६१ सेंटिमीटर, डोक्याकडं ३० पर्यंत बारीक होतो. पाय बांधायला पट्टे लागतात, पण परवाची नळी लक्षात ठेवा, पट्टा बांधायच्या आधी पिशवी रिकामी आणि नळी मोकळी, हे प्रत्येक सेटला. बसून गोळा थाळी फेकायचं फ्रेम कधी केलं तर सीट गादीसकट ७५ सेंटिमीटरच्या वर नको, आणि धरायचा दांडा एकच सरळ, कुठं वाकवलेला चालत नाही.

जिममधली पावडर कुणाला देऊ नका स्पर्धेच्या पोरांना, डोपिंगचे नियम आम्हाला पण तेच. त्या मुलाला काही गोळ्या चालू असतील तर यादी करा, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या बंदीच्या यादीत आहेत, बीपीच्या काही गोळ्यांत त्या असतात. डॉक्टरांच्या कागदावर परवानगी काढता येते पण ती आधी काढायची.

पैलवान_गंगावेस

ताई मानलं तुम्हाला. लाल_माती भावा, बेंचचं सांग, माझा मेव्हणा उद्यमनगरातच आहे, मजुरी घेणार नाही, लोखंडाचं तेवढं द्या.

लाल_माती

लय भारी भावा, नंबर पर्सनलला टाक. शेडच्या दाराला एक पायरी आहे सहा इंचाची, रॅम्प पण त्याच्याकडनंच करून घेऊ, किती लांब लागंल?

चाकावरची

एका इंचाला एक फूट धरा, सहा इंच तर सहा फूट. त्याच्यापेक्षा आखूड केला तर कुणीतरी मागनं ढकलायला लागतं. पत्र्यावर चेकर प्लेट टाका, पावसात साधा पत्रा घसरतो. आणि संडासाचं दार बाहेर उघडणारं करा, आत उघडणारं असलं की खुर्ची आत गेल्यावर दार लावता येत नाही.